गजराबाईचे दोन कॅमेरे

गजराबाईचा हात मोडला तो भर दिवसा, सकाळी दहाच्या सुमाराला, आणि शेजारच्या रानात धसकटं वेचणाऱ्या तीन बायकांच्या देखत.

उन्हाळी नांगरट चालली होती. तिचा चुलत दीर मल्लिकार्जुन ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोघांच्या रानांमधला बांध फाळाखाली घेऊ लागला. दरसाल तो हातभर सरकायचा. या साली त्यानं अख्खा बांधच पोटात घालायचं ठरवलं होतं. गजराबाई धावत गेली आणि ट्रॅक्टरसमोर उभी राहिली.

"पुढं आलास तर माझ्या अंगावरनं जावं लागंल."

मल्लिकार्जुन इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता. पहिला फटका तिनं डाव्या हातावर झेलला तेव्हा वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा पाठीत बसला, तिसरा मांडीवर. ती पडली. पडलेलीला त्यानं दोन लाथा घातल्या, मग ट्रॅक्टरवर चढला, राहिलेला बांध नांगरला आणि निघून गेला. त्या तीन बायका खाली मान घालून धसकटं वेचत राहिल्या.

लोहारा तालुक्यातलं हे गाव, कर्नाटकाच्या सीमेला लागून. गजराबाईचं चार एकर रान आणि एक विहीर. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलती एक लेक, निकिता, सोलापूरला दवाखान्यात नर्स होती. गजराबाई तेव्हा छप्पन्न वर्षांची. गरीब गाय म्हणावं अशी बाई ती कधीच नव्हती. नवरा मारायचा, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एकदा तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्याच्या छातीवर टेकवलं होतं. तो डाग त्याच्याबरोबर सरणावर गेला, पण त्यानंतर त्यानं तिच्यावर हात टाकला नाही. बाजारात आठवड्याला कुणाशी तरी तिचं वाजायचंच. मार खाऊन गप घरी येणं तिला माहीत नव्हतं.

हाताला प्लॅस्टर चढवून ती ठाण्यात गेली. तिच्या आधी मल्लिकार्जुन येऊन गेला होता. वहिनीच विळा घेऊन अंगावर आली, मी फक्त ढकललं, असं त्यानं लिहून दिलं होतं.

हवालदारानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "बघितलंय कुणी?"

"तीन बायांनी बघितलंय."

त्या बायकांना बोलावणं गेलं. एक म्हणाली, माझी पाठ होती. दुसरी म्हणाली, मी पाण्याला गेलते. तिसरी आलीच नाही. दोघांवर गुन्हे नोंदले गेले, दोघांना समज देऊन सोडण्यात आलं. गजराबाई घरी आली, उजव्या हातानं भाकरी मोडून खाल्ली आणि लेकीला फोन लावला.

"निकिता, ते कॅमेरे असतेत ना, दुकानात लावतेत ते. शेतात लावता येतेत का?"

"येतात की. पण अव्वा, तू सोलापूरला ये. सोड ते रान."

"रान सोडायला सांगू नको. कॅमेऱ्याचं सांग."

लोहाऱ्याला योगीराजचं दुकान होतं. मोबाईल, पंखे, आणि आता कॅमेरे. गळ्यात हात बांधून ती जीपनं गेली. योगीराजनं मोठ्या उत्साहानं आठ कॅमेऱ्यांचा संच काढला. वायरी, डबा, टीव्ही, सगळं.

"मावशी, ह्यो लावा, मुंगीबी सुटायची न्हाय."

"ह्याला लाईट लागंल?"

"लागंल की, चोवीस तास."

"माझ्या रानात लाईट आठ तास येती. तीबी या आठवड्याला दिवसा, पुढच्या आठवड्याला राती. बाकीच्या टायमाला ह्यो काय बघणार?"

योगीराजनं संच आत ठेवला आणि सोलरवर चालणारा, सिमकार्ड घालायचा कॅमेरा पुढं केला. वर हातभर सोलरची पट्टी, खाली गोल डोळा. मोबाईलवर बोट फिरवलं की डोळाही फिरायचा, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं कौतुकानं बघायला लागली.

"ह्यो तिकडं बघत असताना इकडं काय झालं तर?" गजराबाईनं विचारलं.

योगीराज हसला. मग हसायचा थांबला. "तसं मग इकडचं दिसत न्हाय."

"मग मला न फिरणारा दे. माझा बांध काय हिंडत न्हाय."

तेवढ्यावर ती थांबली नाही. तिनं योगीराजला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीजवळ उभं केलं आणि मोबाईलमध्ये बघितलं. माणूस आहे एवढं कळत होतं, कोण आहे ते नाही. "पुढं ये," ती ओरडली. "आणखी पुढं." बाजारचा दिवस, माणसं थांबून बघत होती. वीस पावलांवर आल्यावर त्याचं तोंड ओळखू येण्याजोगं झालं. तिनं स्वतः पावलं मोजली आणि मनात पक्की ठेवली. पोलिसाला माणूस नको होता, तोंड पाहिजे होतं.

"दोन दे," ती म्हणाली.

"दोन बांध हायत का?"

"एक बांधाकडं बघंल. दुसरा त्या पहिल्याकडं बघंल. पहिला कुणी फोडला ते कोण सांगणार?"

योगीराज पुढं कित्येक गिऱ्हाइकांना हे सांगायचा म्हणे, की कॅमेरा कसा घ्यावा ते मला एका प्लॅस्टरवाल्या म्हातारीनं शिकवलं.

कॅमेरे बसवायला राजपालभाऊ आले. त्यांचं रान ओढ्यापलीकडं, तिच्या रानाला लागूनच. जन्मभर वायरमनची नोकरी करून रिटायर झालेले, खांबावर चढलेला माणूस. त्यांनी जुना बोअरचा पाईप बांधापासून पंधरा पावलांवर काँक्रीटमध्ये उभा केला आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडं धरलं, म्हणजे सकाळचं ऊनही डोळ्यात नाही आणि संध्याकाळचंही नाही. दुसरा कॅमेरा विहिरीजवळच्या लिंबाच्या फांदीला, पानांआड बांधला. आधी सिमकार्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून त्यांनी रेंज तपासली. विहिरीपाशी एका कंपनीची मिळत होती, दुसरीची नाही. मग मिळणारीचं घेतलं.

पहिला आठवडा निकिताला जीव नकोसा झाला. कॅमेऱ्यापुढं काही हललं की तिचा मोबाईल वाजायचा, वॉर्डात सुई टोचतानासुद्धा. बघावं तर बगळा. परत वाजायचा, वाऱ्यानं हललेलं गवत. राजपालभाऊंनी पाईपाभोवतीचं गवत कापलं, आणि निकितानं फक्त माणूस दिसला तरच वाजावं असं करून घेतलं. त्यानंतर मोबाईल शांत झाला.

मल्लिकार्जुनानं पाईपावरचा कॅमेरा पहिल्याच दिवशी बघितला. येता-जाता त्याच्याकडं बघून थुंकायचा. पण पावसाळाभर बांधाच्या बाजूला त्याचं पाऊल पडलं नाही. गजराबाईनं बांध परत घातला, खडीचे दगड रचले, आणि ऑक्टोबरात ज्वारी पेरली. तिला वाटलं, निभावलं.

डिसेंबरात ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात. दुपारचे दोन. गजराबाई विहिरीमागं म्हशीसाठी गवत कापत होती. काच फुटल्यासारखा आवाज आला म्हणून तिनं मान वर केली. पाईपावरचा कॅमेरा खाली लोंबत होता, आणि मल्लिकार्जुन दुसरा दगड उचलत होता. त्यानं तो घातला, कॅमेरा खाली पडला, त्यानं टाचेखाली चिरडला. मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि सरळ बांधावरून तिच्या ज्वारीत घुसला. कमरेएवढी ज्वारी चाकांखाली लोळत गेली. एक फेरी, दुसरी फेरी.

गजराबाई धावली. हातातला विळा हातातच होता.

तो खाली उतरला. "तुझा डोळा फुटला बघ," तो म्हणाला. "आता कोण बघतंय?" आणि तो तिच्याकडं चालत आला.

हात मोकळेच होते त्याचे. त्यानं तिला मारलं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही. गजराबाई थांबली नाही. तिनं विळा फिरवला आणि तो त्याच्या उजव्या मनगटात हाडापर्यंत गेला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली. त्यानं डाव्या हातानं तिचा गळा धरला आणि तिला खाली पाडलं. गुडघा छातीवर रोवून तो गळा आवळत होता. तिच्या डोळ्यापुढं अंधारी आली. तिनं त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला, तो किंचाळला, आणि ती सुटली.

आता तो गुडघ्यावर होता. उजवं मनगट पोटाशी धरलेलं, डावा हात वर केलेला.

"बास, वहिनी," तो म्हणाला. "बास."

तिनं ते ऐकलं. ऐकलं हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही. ऐकून तिनं विळा उचलला आणि त्याच्या खांद्यात घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ओढ्यापलीकडनं धावत आलेल्या राजपालभाऊंनी मागून तिचा हात धरला.

"ताई, मरंल त्यो! सोडा!"

राजपालभाऊंनी स्वतःचं धोतर फाडून मल्लिकार्जुनाचा हात बांधला आणि जीप बोलावली. तो वाचला. सोलापूरला दोन ऑपरेशनं झाली. पण उजव्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही.

लिंबाच्या फांदीवरचा कॅमेरा तसाच होता. निकितानं सोलापुरात बसून सगळं बघितलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं ती आली ती रडतच.

"अव्वा, ऐक. लिंबावरच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून विहिरीत टाक. मी मोबाईलमधलं पुसते. ज्वारीत ट्रॅक्टर घुसलेला हाय, तुझ्या गळ्यावर बोटं उठलीत. त्यानं गळा धरला म्हणून तू मारलंस, एवढंच सांगायचं."

"राजपालभाऊनं बघितलंय."

"काका काही बोलणार नाहीत."

राजपालभाऊ उंबऱ्यातच बसले होते. ते म्हणाले, "मी शेवटालाच पोचलो. आधीचं मला ठाऊक न्हाय, तेवढंच सांगीन."

गजराबाईनं गळ्याला तेल चोळून घेतलं.

"म्या त्यो कॅमेरा कशाला लावला?" ती म्हणाली. "त्या तिघी बाया बघून न बघितल्यासारख्या झाल्या, म्हणून. आता म्या तेच करू व्हय?"

"अव्वा, तुला आत टाकतील."

"टाकू दे. त्यानं कॅमेरा फोडलेला दिसू दे, ज्वारी तुडवलेली दिसू दे. आन् माझंबी दिसू दे. अर्धं दाखवून मला झोप लागायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती राजपालभाऊंबरोबर ठाण्यात गेली आणि कार्ड हवालदाराच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते कॉम्प्युटरला लावलं. दुसरा घाव आला तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं आणि परत पडद्याकडं बघितलं.

"बाई, हे तुमी स्वतः आणून दिलंय?"

"व्हय."

तिला अटक झाली. तेवीस दिवस ती आत होती. मग जामीन झाला. मल्लिकार्जुनावरही घुसखोरीचा आणि नासधुशीचा गुन्हा लागला, आणि तेच कार्ड बघून मोजणी खात्यानं बांधाची मोजणी लवकर लावली. मोजणीदारानं हद्दीचे दगड रोवले. गजराबाईनं रचलेल्या बांधापेक्षा हद्द दीड हात पलीकडं, मल्लिकार्जुनाच्या बाजूला निघाली. गावातल्या माणसांनी ते बघितलं. तिच्याशी मात्र कुणी फारसं बोलेना. बाया गावच्या विहिरीवर तिला वाट करून द्यायच्या, जरा जास्तच लांब सरकून.

फेब्रुवारीत एका सकाळी मल्लिकार्जुनाची बायको शिवम्मा तिच्या दारात आली. एकटीच. दोघी जावा, पण सहा वर्षांत एकमेकींच्या घरी गेल्या नव्हत्या.

"अक्का, ते मला बघायचंय," शिवम्मा म्हणाली. "घरात तो एक सांगतो, गावात माणसं दुसरंच सांगतेत."

निकितानं मोबाईलमधलं पुसलं नव्हतं. तिनं आईला पाठवलं होतं. गजराबाईनं मोबाईल तिच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसली. आवाज नव्हता, लिंब लांब होता. शिवम्मानं सगळं बघितलं. मग मागं घेऊन शेवटचं परत बघितलं.

"त्यानं हात वर केलता," ती म्हणाली.

"व्हय."

"बोलत होता का काही?"

"बास म्हणाला."

"मग दुसरा कशाला घातलात?"

गजराबाईला खूप काही सांगता आलं असतं. मोडलेला हात होता, गळा होता, ज्वारी होती. "हात थांबला न्हाय," ती म्हणाली. "थांबवायला पाहिजे होता. म्या थांबवला न्हाय."

शिवम्मानं मोबाईल खाली ठेवला. पदर डोक्यावर सारखा केला. "त्याच हातानं तो मला मारायचा," ती हळू बोलली. "आता जेवायलाबी मीच भरवते. मला आनंद व्हावा का रडू यावं, ते कळत न्हाय. कोर्टात मी तुमच्याकडनं बोलणार न्हाय, अक्का. त्याच्याकडनंबी बोलणार न्हाय."

"नको बोलू," गजराबाई म्हणाली. "चहा ठेवू का?"

शिवम्मानं नको म्हणून मान हलवली आणि ती गेली.

केस अजून चालू आहे. तारखेला गजराबाई पहिल्या जीपनं निघते, वकिलानं काही शिकवलं तरी विचारलं तेवढंच सांगते. पाईपावर नवीन कॅमेरा बसला आहे. पलीकडचं रान आता शिवम्मा कसते. यंदा दोघींची ज्वारी एकाच आठवड्यात काढणीला आली. गजराबाईनं आपल्या बाजूनं काढली, शिवम्मानं तिच्या. हद्दीच्या दगडापाशी दोघी एकदम आल्या तेव्हा शिवम्मानं नमस्कार केला नाही, पण स्वतःची पाण्याची घागर उचलून दगडावर ठेवली. गजराबाई ओंजळीनं पाणी प्याली आणि परत आपल्या ज्वारीच्या तासाला लागली.