मीठ मोजणारी आत्याआजी

नातवंडांनो, जगात स्वस्थ बसणं नावाची काही गोष्ट असते, हे तुमच्या आत्याआजीला सत्तर वर्षांत कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. तुम्ही तिला फोनच्या पडद्यावर पाहता, तेही अर्धीमुर्धी, कारण बोलता बोलता ती उठून जाते आणि तुम्ही तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहता. आजोबांची ही धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. अंबडच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायची. चहा उभ्यानं पिते, पेपर चालता चालता वाचते. पर्समध्ये कंगवा नसेल, पण छोटा वजनकाटा असतोच. एकदा लग्नाच्या पंगतीत तिनं शेजारच्या अनोळखी बाईच्या पानातली लोणच्याची फोड उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "एवढं मीठ? मूत्रपिंड म्हणजे गावची मोरी वाटली का गं तुला?"

मूत्रपिंडाविषयीचा हा जिव्हाळा उगाच नाही. तिला एकच आहे. दुसरं तिनं आजोबांना दिलं, म्हणून ते आणखी अकरा वर्षं आपल्यात राहिले. ऑपरेशनच्या दिवशी ती स्ट्रेचरवर आडवी व्हायलाच तयार नव्हती. "चालत येते की! पाय कुठं द्यायचेत मला?" उरलेलं एक जपायचं, मीठ मोजून खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. तिनं ते पाळलं, आणि सोबत साऱ्या अंबडला पाळायला लावलं.

मग मनू, तू कॅलिफोर्नियात मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांच्या वस्त्यांत आहार आणि मूत्रपिंडांचा अभ्यास करायला लागलीस. उन्हात वाकून राबणाऱ्या आणि दवाखान्यापर्यंत सहज न पोचणाऱ्या त्या माणसांबद्दल तू फोनवर सांगत होतीस, तेव्हा आत्याआजी येरझाऱ्या घालत होती. ती एकदम थांबली. "मंग आपल्या ऊसतोडीवाल्यांचं काय?" तुझी प्रश्नावली मागवून तिनं त्यातला टॉर्टिया खोडला, तिथं भाकरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बसून अंकुशनगरच्या बाजूला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर गेली.

आठ दिवसांत अर्धी वही भरली. काल काय खाल्लं? वरण, भात, पोळी, दोन भाज्या, दही. प्रत्येक कोपीत हेच. "वहिनी, ह्या बाया तर तुमच्यापेक्षा बरं खाऊन राह्यल्यात!" ती आनंदानं म्हणाली. मी विचारलं, "वन्सं, एखाद्या कोपीत दह्याचं भांडं दिसलं का?" तिनं वही मिटली. चूक आम्हा दोघींना आधीच कळायला हवी होती. दारात आलेल्या शिकल्यासवरल्या बाईला, काल नुसती भाकरी खाल्ली, असं आपल्याकडे कोण सांगतं? आम्ही तरी सांगितलं असतं का?

दुसऱ्या दिवशी ती वही घरी ठेवून गेली, न्याहारीच्या वेळेला. शेवंता नावाच्या एका ऊसतोड बाईनं रीतीप्रमाणे विचारलं, "जेवता का बाई?"

"जेवते."

शेवंता गडबडली. "आमचं काय न्हाई बाई. भाकर अन् ठेचा हाय."

तुमची आत्याआजी खाली बसली. मांडी घालून बसली! ठेचा असा खारट, की वजनकाट्याची गरजच नव्हती. तिनं तो संपवला, तेव्हा शेवंता आपणहून बोलली, "काल बी ह्योच व्हता. अन् पानी मी पीतच न्हाई दिवसभर. फडात बाईमानसानं जायचं कुठं? पाठ लई दुखली की गोळी घेते."

खारट ठेचा, पाणी नाही आणि वरून दुखण्याची गोळी, तिन्ही मूत्रपिंडाचे वैरी. आत्याआजीनं घरी येऊन आधीची आठ दिवसांची पानं आडव्या रेघेनं रद्द केली. मग रोज एक कोपी, रोज एक ठेचा. मी ओरडले तर म्हणायची, "जेवल्याबिगर खरं कोण सांगतं वहिनी?" फडाच्या कडेला जुन्या साड्यांचा आडोसा तिनं उभा करवला आणि ठेच्यात मिठाऐवजी शेंगदाणे वाढवायला लावले. शेवंता लांबूनच पाण्याची बाटली उंच धरून दाखवायची, "पिऊन राह्यले बाई!"

तेराव्या कोपीनंतर आत्याआजीचे पाय सुजले. रिपोर्ट पाहून डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, तुम्हाला एकच आहे." वही आवरताना मला शेवटचं पान दिसलं. तेरा बायांच्या खाली चौदावं नाव तिनं स्वतःचं लिहिलं होतं आणि पुढं रोजच्या मिठाचा अंदाज, प्रामाणिकपणे, वाढत गेलेला. तिला सगळं ठाऊक होतं.

आता जीप बंद. ती माझ्याकडे खुर्चीत बसलेली असते, पाय स्टुलावर. इतकी वर्षं मी तिला "जरा बसा हो" म्हणत आले, आणि आता ती बसली की मीच उठून येरझाऱ्या घालते. मनू, तू परवा कळवलंस की तूही आता वस्तीतल्या चुलीपाशी जेवतेस आणि मगच विचारतेस. ते मी तिला वाचून दाखवलं. तेवढ्यापुरती ती उठून उभी राहिली.

काल मी बिनमिठाचा ठेचा केला, शेंगदाणे आणि लिंबू घालून. माझ्याही ताटात तोच घेतला. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक भाजीत खोट काढणाऱ्या बाईनं एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फार छान झालाय, वहिनी."

त्या वहीची पहिली आठ दिवसांची पानं मी वाचलेली आहेत. खरं सांगणं जिवावर येतं तेव्हा माणसं काय सांगतात, ते मला कळतं. मी तिच्या ताटात आणखी थोडा वाढला, आणि तिनं तो संपवला.