वासराच्या वाटणीचा चीक

भुकेल्याच्या बाजूने तुम्ही कधी इतकं बोललात का, की तो भुकेलाच राहिला? मी बोलले आहे.

आमचं घर चळवळीतलं; मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे उमरेड रोडवरच्या एका डेअरीत वासरांच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला अन्याय सापडला. गाय व्यायली की पहिल्या धारेचा चीक मालक खरवसासाठी जुन्या गिऱ्हाइकांना वाटायचे. वासराला उरलंसुरलं. आणि पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर वासरू पुढे साध्या हगवणीनेही दगावतं.

एका सकाळी कालवड झाली. बारकीशी, ओली, धड उभी राहीना. चिकाची बादली मालकांकडे जायच्या आत मी उचलली. तेवढ्यात फाटकाशी धरमपेठेतल्या एक बाई डबा घेऊन हजर.

"ताई, हा चीक तुमचा नाही," मी सुरू केलं. मग हक्क, मातृत्व, दुबळ्यांची लूट, सगळं काढलं. बाई बिचाऱ्या डबा पाठीमागे लपवून ऐकत राहिल्या. आवाज ऐकून मालक आले. त्यांच्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी वासरांचं बघणाऱ्या काकू गोठ्यातून ओरडल्या, "काहून वं, तो चीक भाषणाले पाजून राहिली का? इकडं पोरगी थंडगार पडली ना!"

बादली माझ्याच हातात होती. अर्ध्या तासापासून.

मी धावले; मागोमाग मालक आणि बाईही. काकूंनी कालवडीला पोत्याने खसाखसा पुसलं, बाईंच्या हातातला डबा ओढून घेतला, त्यात गरम पाणी भरलं आणि बादलीतला चीक बाटलीत ओतून ती त्यात बुडवली. पण कालवड चोखेचना.

"आता घोषणा दे तिले," काकू म्हणाल्या. "नाहीतर बोट दे."

चिकात बुडवलेलं बोट मी तिच्या तोंडात घातलं. कितीतरी वेळ काहीच नाही. मग खरखरीत जीभ हलली आणि तिने बोट असं ओढलं की मी किंचाळले. काकूंनी त्याच जागी बाटली सरकवली. बाटली रिकामी झाली, तेव्हा टाळी पहिल्यांदा धरमपेठेच्या बाईंनी वाजवली. मग हळूच विचारलं, "उरलाय का थोडा?"

"संध्याकाळी तिले अजून लागते," काकू म्हणाल्या. "परवा या."

तुमच्या दूधवाल्याकडे गाय व्यायली, तर पहिल्या दिवशी डबा पाठवू नका. वासराचं पोट भरून उरला, तरच चीक मागा. शेजाऱ्यांनाही हे सांगा. फक्त दोन वाक्यांत सांगा.