एका तासाचा संप

मारिविक दुमलावचा धाक असा, की ओसाकातल्या आमच्या इंग्रजी संभाषणाच्या शाळेत सत्तरीचे विद्यार्थीसुद्धा गृहपाठ झाला नाही की तोंड लपवायचे. बाई फिलिपिन्समधल्या इलोइलोची. मीही तिकडचाच, म्हणून मी तिला ताई म्हणतो. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज खालच्या भाताच्या गोळ्यांच्या दुकानापर्यंत जायचा.

आमच्याकडे करार वर्षावर्षाचा. पाच वर्षं ओलांडली की शिक्षकाला कायम नोकरी मागता येते, म्हणून पाचवं वर्ष संपत आलं की शाळा गोड हसून नारळ देते. गेल्या हिवाळ्यात तसलं पत्र ताईला आलं. तिची मुलगी इथल्याच एका जपानी शाळेत दहावीला. नोकरी गेली तर या देशात राहणंच अवघड. आधीचे सगळे निमूटपणे निरोपाचा केक खाऊन गेले होते. ताई तडक शिक्षकांच्या संघटनेकडे गेली. शाळेत सभासद होते पाच. मी नव्हतो. उगाच विस्तवाशी कोण खेळणार?

संघटनेची रीत अशी, की संप एकाच तासाचा करायचा आणि नोटीस वर्गाच्या पाच मिनिटं आधी द्यायची, म्हणजे बदली माणूस शोधायला शाळेला सवडच मिळत नाही. गुरुवारी दहाला पाच मिनिटं असताना ताईनं नोटीस काउंटरवर ठेवली, दंडाला लाल फीत बांधली आणि दारासमोर पत्रकं वाटायला उभी राहिली. माझं नशीब बघा, मी नेमका शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसलेला. व्यवस्थापक सेगावा धावत आले.

"रोडेल-सान, वर्ग तुम्ही घ्या! लगेच!"

गेलो. शेपूट घालून गेलो म्हणा.

वर्गात टेबलावर ताईच्या हातचा कागद होता. वर लिहिलेलं, "जो कोणी येईल त्याला." खाली आजचा पूर्ण धडा. मग, ओकामोतो आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. उएमुराबाईंचे यजमान वसंतात गेले, घरच्यांचा विषय काढू नकोस. आणि शेवटी, "घाबरू नकोस, ही माणसं सांभाळून घेतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तास संपवून खाली आलो, तर संघटनेचा पुढारी डर्मट, आयर्लंडचा तापट गडी, त्या कागदावरून तिच्यावर कडाडत होता. "अगं, संप करतेस की पाहुणचार? ताट वाढून आलीस त्यांना!"

"भांडण सेगावांशी आहे," ताई म्हणाली. "आजोबांनी माझं काय घोडं मारलंय?"

डर्मटची भीती खोटी नव्हती. पुढच्या आठवड्यात बोलणी झाली, तेव्हा सेगावांनी मला साक्षीदार म्हणून आपल्या बाजूला बसवलं आणि तोच कागद सर्वांसमोर नाचवला. "संपाच्या दिवशी वर्ग बिनबोभाट झाला. हा कागद असला की कुणीही शिकवू शकतो. म्हणजे दुमलाव-सानवाचून आमचं काही अडत नाही. विचारा यांना."

सगळे माझ्याकडे वळले. माझं चौथं वर्ष चालू होतं.

"वर्ग झाला," मी म्हणालो, "पण मी नाही घेतला. सुट्टीत घरच्यांबरोबर कुठं गेलात, असं मी उएमुराबाईंना विचारणारच होतो. नेहमी तेच विचारतो. या कागदानं मला थांबवलं. पाच वर्षांत हिनं जी माणसं ओळखली, ती मला पाच मिनिटांत कशी कळणार? हिला काढल्यावर असा कागद लिहिणार कोण? तुम्ही?"

सेगावा हळूच म्हणाले, "रोडेल-सान, तुम्ही आमच्या बाजूला बसला आहात."

"चुकून बसलोय," म्हणालो, आणि खुर्ची उचलून ताईशेजारी नेली.

ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "एवढी अक्कल होती, तर चार वर्षं कुठं गहाण ठेवली होतीस?"

तीन आठवड्यांनी ताईला सहावा करार मिळाला. मुदत सुरू झाली त्याच सकाळी तिनं कायम नोकरीचा अर्ज दिला. मी अभिनंदन करायला गेलो, तर म्हणाली, "माझं झालं रे. पुढच्या वर्षी पत्र तुला येणार."

ते आलंच. तोवर संघटनेत आम्ही अकरा जण झालो होतो, आणि मी भ्यालो नाही.