ढलप्यांखालचे कंद

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी डोंगरातल्या तळेघरला नर्स म्हणून बदली झाली. नवरा आधीच गेलेला. सात वर्षांच्या मुलीला राजुरीला भावाकडं ठेवलं, कारण तिथं शाळा चांगली. सगळे म्हणाले, शहाणपणा केलास. मलाही तसंच वाटलं, निदान पहिल्या आठवड्यात तरी.

काम म्हणजे वाड्यावस्त्या पायी तुडवायच्या. एसटी आली तर आली. कधी मुक्काम पडायचा, आणि परत येऊन कुलूप काढलं की आत सगळं जसंच्या तसं. पालथी घातलेली वाटीसुद्धा हललेली नसायची. त्या खोलीचा मला राग यायचा, खरंच सांगते. दारापुढं मोगरा लावला, वाळला. तुळस लावली, तीही गेली. माझ्या माघारी पाणी कोण घालणार?

दिवाळीत राजुरीला गेले तेव्हा मुलीला म्हटलं, "मे महिन्यात माझ्याकडं ये राहायला." ती खेळता खेळता म्हणाली, "तेव्हा मामीकडं लाल गोळ्याची फुलं येतात. तुझ्याकडं काय आहे?"

पोरीचं बोलणं ते, पण जिव्हारी लागलं. संक्रांतीला वहिनीकडून त्याच फुलांचे कंद मागून घेतले. मे महिन्यात उघड्या जमिनीतून नुसता दांडा वर येतो आणि त्यावर मुठीएवढा लाल गोळा फुलतो. तोवर खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. म्हटलं, आता माझ्याही दारात फुलं येणार.

राहिला प्रश्न ओलीचा. भाऊ डाळिंबाच्या बुडाशी उसाचं पाचट पसरायचा, म्हणजे ओल टिकते आणि तण येत नाही. तळेघरला ऊस कुठला? पेंढा होता, पण तो गुरांना. मग घोडेगावच्या लाकडाच्या वखारीतून ढलप्यांची पोती भरली. कंडक्टर म्हणाला, "काय बाई, तळेघरात जळण संपलं का काय?" मी म्हटलं, "तुम्ही तिकीट फाडा, मुकाट्यानं."

माती भुसभुशीत केली, शेणखत घातलं, कंद पुरले, पाणी भरपूर दिलं आणि वर चार बोटं ढलप्या पसरल्या. मग आठवडाभर विसरून जायचं. एप्रिलात एकदा मुक्कामाहून परत आले आणि ढलप्या बाजूला करून बोट खुपसलं, तर माती गार! वर ऊन नुसतं पेटलेलं आणि खाली ओल. बाई गं, काय आनंद झाला मला! माझ्या माघारी माझ्या दारात काहीतरी जिवंत राहिलं होतं.

हे सांगायचं कुणाला? शेजारच्या मावशींशी माझं बोलणं "ऊन लई हाय" एवढंच. कंदांचं कुणालाच सांगितलं नाही. फुलं आली की दिसतीलच, म्हटलं.

मे महिन्यात मुलीला आणायला गेले. येताना एसटीत ती सारखी विचारत होती, "किती आली असतील गं?" मी म्हटलं, "तूच मोज."

दारापुढं येऊन बघतो तर काय, पायरीपासून कुंपणापर्यंत काळी राख. मावशी हात पुसत, हसत बाहेर आल्या. "बाई, तुमचा राब भाजला बरं का! पाऊस तोंडावर आला अन् तुमी गावाला. म्हनलं, शेण घालून, लाकडं पसरून बाईनं समदी तयारी केली व्हती, अन् भाजायला मानूस न्हाई. लई झकास भाजला!"

डोंगरात भात-नाचणीच्या रोपांसाठी असंच करतात. शेण, फांद्या, पाला पसरून जागा भाजतात आणि त्या राखेत बी टाकतात. मी नेमका तोच थर लावून ठेवला होता. उकरलं तर कंद भाजल्या कांद्यासारखे मऊ.

माझा तोल गेला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तोंड नव्हतं का विचारायला?" गल्ली गोळा झाली. मावशींचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, बाईचं कुनी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यानं तर मी जास्तच भडकले. मुलगी पिशवी धरून उभी होती. तिनं एकदाच विचारलं, "फुलं कुठंयत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पुन्हा आल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी पोरीचा हात धरला आणि दोघींनी त्या राखेत नाचणीचं बी टाकलं. कोपरापर्यंत काळी झालेली पोर खदाखदा हसत होती. पुढं सगळी सुट्टी ती तिकडंच. तिकडंच जेवायची, वासराला पाणी पाजायची, भाकरी थापायला शिकायची. मी दिवसभर वस्त्यांवर. संध्याकाळी काही विचारलं की "मावशी म्हणते" असं सुरू व्हायचं आणि बोलता बोलता झोप लागायची. ती हसतेय याचं बरं वाटायचं आणि जळफळाटही व्हायचा.

निघायच्या दिवशी ती मावशींच्या कमरेला मिठी मारून रडली. एसटीत खिडकीशी बसल्यावर डोळे पुसून म्हणाली, "आई, मी पुढच्या वर्षीपण येणार."

मला भरूनच आलं. तिला जवळ ओढलं.

"मावशीकडं," ती म्हणाली.

"ये," मी म्हटलं. "जरूर ये."