पाटीवरची प्रश्नचिन्हं

माझ्या बहिणीचं लग्न प्रश्नचिन्हांच्या साक्षीने लागलं, आणि ती सगळी मीच छापून घेतली होती.

कापसाने सलग काही वर्षं पाठ फिरवलेली. म्हणून अकोल्याजवळच्या आमच्या गावाने सामूहिक विवाह ठरवला. मी तेव्हा अमरावतीला प्रोग्रामिंगच्या क्लासला जायचो (म्हणजे गावाच्या दृष्टीने शास्त्रज्ञच!). बाबा म्हणाले, "जोडप्यांच्या नावाच्या पाट्या तूच कर. कॉम्प्युटर शिकून राहिला ना?"

हाताने लिहिल्या असत्या तर तासाभरात उरकल्या असत्या. पण मी प्रोग्राम लिहिला! पडद्यावर नावं सुबक दिसली. त्याने तयार केलेली फाइल उघडूनही न बघता मी अकोल्यात जठारपेठेतल्या छपाईवाल्याला दिली. पाट्या थेट मांडवात पोचल्या.

खुर्च्यांमागे नुसती प्रश्नचिन्हं! आमच्या नवरदेवाचे मामा भडकले. "हे काय होय? आमच्या पोराबद्दल शंका हाये का तुमाले? चला रे, गाडी काढा!"

सुनीताचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, डोळे भरून आले. मी मात्र पाटीपुढे खिळलेलो. 'सुनीता'त अक्षरं तीन, मग चिन्हं सहा कशी? अरेच्चा! उकार, वेलांटी, काना कॉम्प्युटरने वेगळे धरले! मराठी अक्षरं फाइलमध्ये कुठल्या पद्धतीने साठवायची, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. जे लिहिता आलं नाही, तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठोकलं!

"बाबा, सापडलं!" मी ओरडलो.

"मंग आता दुसरा नवरदेवबी शोध!" बाबा कडाडले. तेव्हा कुठे मी पाटीवरून नजर काढून सुनीताकडे पाहिलं.

तेवढ्यात मावशी उठली. "अवो मामा, बसा! हे उखाण्यासाठी होय. नवरीनं नाव घ्याचं, मंगच खुर्चीवर बसाचं. घे वं सुनीता!" (लग्नाआधीच नाव घ्यायची ही पद्धत मावशीने त्याच क्षणी काढली!)

सुनीताने रडवेल्या आवाजात नाव घेतलं. मांडव हसला, टाळ्या पडल्या. मग एकेक नवरी पाटीपुढे उभी राहू लागली. मामाच म्हणाले, "आता नवरदेवालेबी घेऊ द्या की!" माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या वर्षीच्या सामूहिक विवाहासाठी गावातल्या मंडळींचा निरोप आला, "तशाच पाट्या पाहिजेत!" मी पुन्हा प्रोग्राम चालवला. पण एव्हाना फाइल लिहिताना 'यूटीएफ-८' ही मराठी अक्षरं साठवायची पद्धत सांगायची सवय हाताला लागलेली. एकूण एक नाव स्वच्छ उमटलं!

बाबांनी पाट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "एक काम जमलं होतं तुले, तेबी शिकून घालवलं!"