निळ्या किल्टचे कच्चे टाके

तोयोसूच्या ऑफिसात मी सकाळी नुकताच पोचलो होतो, तेव्हा वैशालीचा फोन आला. "हेमंत गेला रे," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "त्याला काय घालायचं ते इथले लोक विचारतायत. मला त्यांचं जपानी अर्धंच कळतंय. तू ये." हेमंत माझा पुण्याच्या कॉलेजपासूनचा मित्र, वैशाली त्याची बायको. तो आजारी होता, शेवट जवळ आलाय हेही ठाऊक होतं, तरी एदोगावाला त्यांच्या घरी जाताना ट्रेनमध्ये दाराशी उभा राहून मी रडलो. काय घालायचं हा प्रश्न मात्र नव्हताच. त्याचा काळा किल्ट.

हेमंत इथल्या एका कपड्यांच्या कंपनीत पुरुषांच्या कपड्यांचे पॅटर्न, म्हणजे बेतायचे कागदी नमुने, करायचा. आणि स्वतः किल्ट घालायचा, स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात तसा, आपल्या हाताने शिवलेला... गुडघ्यापर्यंत, पुढून सपाट, मागे चुण्या, दोन्ही बाजूंना खिसे. चौकडे नाहीत, तामझाम नाही. तो घालून तो ऑफिसला जायचा, कचरा टाकायला जायचा, आमच्या गणपतीत आरतीला उभा राहायचा. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. तो शांतपणे म्हणायचा, "आजोबांचं धोतर चालतं, तुझी घरातली लुंगी चालते. मग या चुण्यांनी काय घोडं मारलंय?" आम्ही आणखी हसायचो.

त्याला एकच गोष्ट हवी होती. किल्ट पुरुषांच्या मजल्यावर, पँटींच्या शेजारी, साध्या कपड्यासारखा टांगलेला बघायचा होता. पण या धंद्याची तऱ्हा न्यारी. एखादा काटकुळा मॉडेल किल्ट घालून रॅम्पवर आला की टाळ्या पडतात, फोटो छापून येतात, 'धाडसी' म्हणतात. दुकानात ठेवायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये सगळे टेबलाकडे बघतात. "हेमंत-सान, ओमोशिरोई," साहेब म्हणायचे. म्हणजे मजेशीर आहे... म्हणजे नको. "अरे, धाडस कुणाला हवंय? मला तो कंटाळवाणा व्हायला हवाय," तो वैतागून मला म्हणाला होता.

बऱ्याच वर्षांनी कंपनी एका दुकानात थोडे नग ठेवायला तयार झाली. आम्ही दोघं बघायला गेलो. पुरुषांच्या मजल्यावर ते सापडेनात. विचारलं, तर तिथल्या मुलीने अदबीने वरचा मजला दाखवला. किल्ट बायकांच्या स्कर्टांच्या रांगेत टांगले होते. हेमंतने एकाच्या चुण्या बोटांनी नीट केल्या, जरा मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "चल, चहा घेऊ." त्यानंतर त्याने तो विषय ऑफिसात काढला नाही. मला आजही त्या मजल्याचा राग येतो.

मी घरी पोचलो तेव्हा अंत्यविधीवाल्या बाई हॉस्पिटलमधून आणलेल्या हेमंतशेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. वैशालीने काळा किल्ट पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुढे गुंडाळताना कुठली बाजू वर येते ते पाहिलं आणि हळू आवाजात मला विचारलं. इथे जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर येते, गेलेल्याची उजवी. तर याचीही बाजू बदलायची का? हे बायकांचं आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत हेमंतच्या किल्टकडे निव्वळ कपडा म्हणून बघणाऱ्या त्या पहिल्याच, आणि ते बघायला तो नव्हता.

मी वैशालीला सांगितलं. "नको," ती म्हणाली. "शर्टासारखंच, उजवी बाजू वर आली की कपडा बायकांचा, त्यानेच शिकवलंय मला. इथून तरी त्याला त्या मजल्यावर नको पाठवायला." ती हसली, आणि मग तिला रडू आवरेना. बाईंनी मान झुकवून बाजू होती तशी ठेवली.

आता मी रविवारी वैशालीकडे जातो. दाराच्या मागे त्याचा दुसरा, निळा किल्ट टांगलेला आहे. धुण्याआधी हेमंत प्रत्येक चुणीला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालायचा, म्हणजे पाण्यात घडी मोडत नाही. नंतर दोरा ओढून काढायचा. शेवटचं हॉस्पिटलला जायच्या आधी गादीवर बसून त्याने ते टाके घातले होते, थोडे वाकडे. वैशालीने नंतर किल्ट धुतला, वाळवला, इस्त्रीही केली. दोरा मात्र तसाच आहे. परवा मी सहज कात्री उचलली. म्हटलं, "काढून टाकू का गं?"

"तो किल्ट घालायच्या वेळीच दोरा काढायचा," ती म्हणाली.

कात्री मी होती तिथे ठेवली.