रडण्याला उत्तर

जमनाबाई रोज सकाळी आपलं अंगण झाडून झालं की थांबायची नाही. खराटा तसाच पुढे न्यायची आणि शेजारच्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, उंबऱ्यापर्यंतची वाट झाडून काढायची. नायकाची सून दिपा ती वळेपर्यंत दारात उभी राहायची, मग त्याच वाटेवर खरकटं पाणी फेकायची. दोघींनीही एक सकाळ चुकवली नाही.

कळमनुरीहून नांदेडकडे जाताना रस्त्यापासून आत हा बंजाऱ्यांचा तांडा आहे. जमनाबाई आमच्या रानात कापूस वेचायला यायची. नवरा फुलसिंग गेला तेव्हा ती चाळिशीची होती, मूलबाळ नव्हतं. लग्नात नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडून रडत पुढे सरकायची आणि जमनाबाईपाशी आली की मागून कुणीतरी नवरीला हलकेच पुढे ढकलायचं.

तांड्यात रडणं एकटीचं नसतं. कुणाचं माणूस गेलं, किंवा फार दिवसांनी दोघी भेटल्या, की गळ्यात गळा घालून सुरात रडायचं. एकीने ओळ उचलायची, गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याचे बैल, त्याने घेतलेलं लुगडं आठवायचं. दुसरीने त्याच सुरात उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की पहिली सुटते, नाक पुसते, पाणी मागते. उत्तर न देणं म्हणजे तू आमची नाहीस, हे तोंडावर सांगणं.

वेचणीतली शालूबाई दर रविवारी शहरात ख्रिस्ती प्रार्थनेला जायची. तीच एकदा म्हणाली, "चल की माज्यासंगं. तिथं समदे एका सतरंजीवर बसतेत. कोणी इचारत न्हाई लेकरं किती म्हून."

जमनाबाई गेली. पत्र्याच्या त्या लांब खोलीत तिला पहिल्याच दिवशी मधोमध बसवलं. प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांची बायको तिला 'ताई' म्हणाली. मग कित्येक रविवार ती गेली. तांड्याने बारशाचं, लग्नाचं बोलावणं थांबवलं. तिने ते सोसलं, कारण एक जागा मिळाली असं तिला वाटत होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात औंढ्याकडे तिचा भाऊ हिरासिंग वारला. ती पोचेपर्यंत चिता विझली होती. भावजय रुख्मिणीबाई तापाने पडली होती, तिला शुद्ध नव्हती. जमनाबाई कोरड्या डोळ्यांनी परतली आणि रविवारी प्रार्थनेला गेली. दारातच पाळकांची बायको भेटली. आपलं माणूस भेटलं, म्हणून जमनाबाई तिच्या गळ्यात पडली आणि तिने भावासाठी सूर उचलला, "वीरा रे, माज्या वीरा..."

त्या बाईचं अंग ताठ झालं. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून जमनाबाईने आवाज चढवला. तांड्यात असंच करतात, ऐकू गेलं नसेल तर आणखी मोठ्याने. पाळक धावत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात दाबला आणि ओरडले, "सोड हिला! नीघ बाहेर!" चार बायकांनी तिला धरलं. शालूबाईही त्यांत होती. कुणाला काय सोडायचंय ते जमनाबाईला कळेना. ती घाबरून गप्प झाली. भूत निघालं म्हणून खोलीभर टाळ्या वाजल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

तो फोटो त्यांच्या ऑर्कुटवरच्या ग्रुपात चढला. खाली लिहिलं होतं, तांड्यातल्या बहिणीची सैतानापासून सुटका. पुणे, नागपूर, दुबई, कुठून कुठून लोकांनी 'आमेन' लिहिलं. तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

नायकाचा धाकटा पोरगा रणजीत हिंगोलीला कॉलेजात होता. त्याने ते पान नेट कॅफेत छापून आणलं आणि बापासमोर टाकलं. भावसिंग नायकाने तिला बोलावलं. सगळा तांडा जमला.

"आपल्या रडण्याला भूत म्हणू देलंस?" नायक म्हणाला. "उद्या आमच्या मायबहिणीबी भुतं व्हय?"

"मी काय म्हणू देलं? मला कोणी इचारलं का?"

"काहून गेलती तिथं?"

"तुमी बसू देत न्हवता म्हून."

रणजीत हसला. "काकी, आता तर दुबईत बसलीस की. जा, तिथंच रड."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. नायकाने निवाडा दिला. तो फोटो काढून टाकायला लाव, नाहीतर तांड्यातली एकही बाई तुझ्या गळ्याला गळा लावणार नाही.

ती पाळकांकडे गेली. मी त्या दिवशी कळमनुरीहून ती बसली त्याच जीपमध्ये होते, म्हणून तिच्यासोबत गेले. पाळक नम्र होते. खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ताई, ही तुमची साक्ष आहे. किती जणांचा विश्वास वाढला तिच्यानं."

"मला भूत न्हवतं लागलं. माजा भाऊ मेलता."

"आता फोटो काढून टाकला तर लोक म्हणतील, साक्ष खोटी होती."

"तुमच्या त्या लोकायमधलं कोणी रडलं का त्याच्यासाठी?"

"रडायचं कशाला? आनंद करा, तुम्ही मोकळ्या झालात."

जमनाबाईने चहाला हात लावला नाही. पुन्हा ती तिकडे फिरकली नाही. पाळकांनी एकदा शालूबाईकडून निरोप धाडला, एवढंच. ग्रुपात मात्र तिचा फोटो तसाच राहिला.

पुढच्या वर्षी रुख्मिणीबाई एस.टी.ने आली. भाऊ गेल्यावर दोघींची ही पहिलीच भेट. तांड्यातल्या बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. जमनाबाई हात पसरून पुढे झाली. नायकाचा निवाडा औंढ्यापर्यंत पोचला होता. रुख्मिणीबाईने सगळ्यांकडे पाहिलं आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "मला लेकी उजवायच्यात अजून."

जमनाबाईचे हात खाली आले. तिने भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली. दोघी समोरासमोर जेवल्या, हिरासिंगचं नाव न घेता. दुपारी ती नणंदपण विसरून भावजयीला सोडायला फाट्यापर्यंत चालत गेली.

आठ दिवसांनी जमनाबाई झोपेतच गेली. तेव्हा सगळ्या बायका आल्या आणि तिच्या देहावर पडून रडल्या. दिपा सगळ्यांत मोठ्याने रडली. प्रेताला उत्तर देता येत नाही, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही. शालूबाई लांब बांधावर उभी होती.

फाट्यावर काय बोलणं झालं, ते मी रुख्मिणीबाईला नंतर विचारलं. गाडी सुटताना जमनाबाईने खिडकीची दांडी धरली होती आणि म्हणाली होती,

"पुढच्या बारीला येशील तवा औंढ्याचा हिंग आन. इथल्या हिंगाला वासच न्हाई."